पहिल्या पानावरची चकली

तेलात सोडलेली चकली का विरघळते, हे सांगायला दोन ओळी पुरतात. मोहन जास्त झालं की चकली तेलात सुटते, कमी पडलं की दाताशी भांडते. संपलं. पण हीच शंका गूगलला विचारून पाहा. कढईतल्या तेलाला धूर सुटला तरी उत्तर हाती लागत नाही. पहिल्या क्रमांकाचं पान उघडावं, तर मजकूर सुरू होतो तो असा:

"नमस्कार मित्रांनो! चकली हा आपल्या सर्वांचाच आवडता पदार्थ आहे. दिवाळी आली की घराघरांत चकली बनवली जाते. पण अनेकदा चकली फसते. आजच्या या लेखात आपण चकली का फसते, चकली कशी फसते, चकली फसल्यास काय करावे आणि चकली फसू नये म्हणून कोणती काळजी घ्यावी, याविषयी सविस्तर माहिती जाणून घेणार आहोत. तर चला मित्रांनो, अधिक वेळ न घालवता सुरुवात करूया."

आणि इथून वेळ घालवायला सुरुवात होते. चकली म्हणजे काय, चकलीचे प्रकार, चकलीचे महत्त्व, चकलीचे फायदे. मग कर्जाची एक जाहिरात, गुडघेदुखीची एक, आणि तळाशी 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न'. "चकली गोड असते का?" "नाही." हा प्रश्न नेहमी विचारणारा माणूस कोण, कुठे राहतो, त्याच्या घरी दिवाळीला काय करतात, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

मराठी माणूस मराठी माणसाला इतक्या वेळा 'मित्रांनो' म्हणत नाही. दोन पानांत सात वेळा मित्र म्हणणारा माणूस समोर आला तर आपण खिसा चाचपून पाहू. पण हा मजकूर तुमच्या-माझ्यासाठी नसतोच मुळी. तो एका यंत्रासाठी असतो. ते यंत्र रात्रंदिवस पानांमागून पानं वाचत फिरतं, आणि त्याचं मन राखलं की ते तुम्हाला वर चढवतं, अशी या मित्रांची श्रद्धा आहे. माझी रोजीरोटी जाहिरातीचा मजकूर लिहिण्याची, त्यामुळे या श्रद्धेचे टाक मी रोज घासतो. नवरीसाठी अडीचशेहून अधिक उखाणे, 'म'वरून मुलांची नावे, अमुक अभिनेत्रीचे वय, उंची, जात, नवरा, संपत्ती. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि 'हप्ता कधी येणार? तारीख आली समोर!' या मथळ्याची पानं उगवू लागली. ती शेवटपर्यंत वाचली की कळतं, तारीख अद्याप जाहीर झालेली नाही.

हे सगळं घराबाहेर होतं तोवर ठीक होतं. मग आमच्या वहिनींनी एसइओवाला लावला.

वहिनी डोंबिवली पूर्वेला राहतात. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या आणि फराळाचा व्यवसाय काढला. चकली, चिवडा, शंकरपाळे, करंज्या, बेसनाचे लाडू, आणि आधी सांगितलं तरच अनारसे. गणपती उठले की परदेशातल्या ऑर्डरी सुरू होतात आणि पार्सलं न्यू जर्सीपासून मेलबर्नपर्यंत जातात. त्यांची वेबसाइट होती, पण फार जुनी. भाच्याने कॉलेजात असताना बनवलेली. युनिकोड घरोघर पोचलं नव्हतं, त्या काळातली. तेव्हा मराठी मजकूर त्या-त्या कंपनीच्या फॉन्टात टाइप व्हायचा. पडद्यावर 'अनारसे' दिसायचं, पण पानाच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरच्या खुणा यांचा चिवडा. गूगलचं यंत्र पोटातलं वाचतं. त्याच्या दृष्टीने वहिनी वर्षानुवर्षं काहीतरी अगम्य विकत होत्या. मोठमोठ्या मराठी वर्तमानपत्रांच्या वेबसाइटींचीही एके काळी हीच गत होती. त्या काळातले अग्रलेख शोधायला गेलात तर सापडत नाहीत ते याचमुळे. काही अग्रलेखांच्या बाबतीत तक्रार नाही.

एसइओवाला पंचविशीचा होता. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन असं पूर्ण नाव एकदाच उच्चारून त्याने लॅपटॉप उघडला. आल्या आल्या 'मॅडम' म्हणत होता, बशीतली दुसरी चकली संपली तेव्हा 'काकू'वर आला.

"काकू, तुमची डोमेन ऑथॉरिटी सात आहे."

"कितीपैकी?"

"शंभर."

"नापास की!"

"सहा महिन्यांत चाळीसवर नेतो."

"पेपर कोण तपासतं?"

वहिनींचा हा प्रश्न अस्सल शिक्षिकेचा होता आणि त्याला त्याचं उत्तर देता आलं नाही. खरं उत्तर असं की ही डोमेन ऑथॉरिटी गूगलची नाहीच. मॉझ नावाच्या खासगी कंपनीने ती स्वतःच्या अंदाजाने काढलेली असते. म्हणजे परीक्षा एका बोर्डाची आणि गुणपत्रिका शेजारच्या क्लासची. पण तिच्यावर आख्खी बाजारपेठ चालते. गूगल आपल्या मार्गदर्शिकेत स्वच्छ लिहितं की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही आणि क्रमांक वर नेण्यासाठी आम्ही पैसे घेत नाही. एसइओवाल्याच्या पत्रकावर पहिली ओळ होती: 'पहिल्या क्रमांकाची हमी'. दुसरी ओळ होती: 'गूगलच्या नियमांनुसार'.

आधी त्याने मजकुराला हात घातला. चकली का फसते यावर लेख हवा, कारण दिवाळीच्या आधी लोक तेच शोधतात. "माझी फसत नाही, मी कशाला लिहू?" असं म्हणत वहिनींनी वर दिल्या त्या दोन ओळी लिहून दिल्या. त्याला दीड हजार शब्द हवे होते. शब्दसंख्येला आपल्याकडे काही मोल नाही, हे गूगलने अनेकदा सांगितलं आहे, पण या धंद्यात देवापेक्षा पुजाऱ्याचं चालतं. दोन ओळींचा लेख झाला तेव्हा त्यात 'मित्रांनो' आले, चकलीचे फायदे आले, आणि मोहन नवव्या परिच्छेदात गेलं. वहिनींनी तो लाल पेनने तपासला. "उत्तर पाल्हाळिक. एक गुण," असा शेरा त्यांनी खरोखर लिहिला. तो कागद मी जपून ठेवला आहे.

मग परिसर. 'डोंबिवलीतला सर्वोत्तम फराळ' असं एक पान होतं, त्याची त्याने ठाकुर्ली, कल्याण, दिवा, अंबरनाथ, बदलापूर अशी पिलावळ काढली. मजकूर तोच, गावाचं नाव तेवढं बदललेलं. त्यामुळे 'अंबरनाथच्या खवय्यांची खास आवड ओळखून बनवलेली चकली' आणि 'बदलापूरच्या खवय्यांची खास आवड ओळखून बनवलेली चकली' या एकाच घाण्यातून निघू लागल्या. ही युक्ती थोरामोठ्यांनी करून झाली आहे. २००६ च्या फेब्रुवारीत अशाच खोट्या प्रवेशद्वारांच्या पानांपायी गूगलने बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट आपल्या यादीतून काढून टाकली होती. चुका सुधारल्यावर परत घेतली. बीएमडब्ल्यूला यंत्राची इतकी मनधरणी करावी लागते, तर आमच्या शंकरपाळ्यांनी कुणाकडे बघायचं?

पानाच्या तळाशी बरीच मोकळी पांढरी जागा का आहे, हे वहिनींना कळेना. नातवाने सगळं पान निवडून निळं केलं, तेव्हा पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेली ओळ उमटली: 'चकली डोंबिवली, चकली ऑनलाइन, स्वस्त चकली, भाजणीची चकली, चकली फोटो, चकली वजन कमी करण्यासाठी'. ही युक्ती तर गूगलच्याही आधीची. आणि बिलात 'मेटा कीवर्ड' असा वेगळा आकार होता. क्रमवारीसाठी आपण मेटा कीवर्डकडे बघतच नाही, असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केलं आहे. हा मुलगा तेव्हा प्राथमिक शाळेत असणार. त्याला ही विद्या ज्या गुरूने दिली, त्या गुरूचा मला शोध आहे.

आता यंत्र बघतं तरी कशाकडे? त्याची मूळ कल्पना मोठी देखणी होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातले लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोन विद्यार्थी. कुठल्या शोधनिबंधाचा हवाला किती जणांनी दिला, यावर जशी त्याची थोरवी ठरते, तशी कुठल्या पानाकडे किती पानं बोट दाखवतात, यावर त्या पानाची ठरवावी, असं त्यांच्या डोक्यात आलं. त्याला नाव दिलं पेजरँक. आपल्याकडे लग्नाच्या स्थळाची चौकशी करतात तोच प्रकार. मुलगा स्वतःविषयी काय सांगतो याला किंमत नाही, शेजारीपाजारी काय म्हणतात ते बघायचं, आणि म्हणणारा कोण आहे तेही बघायचं. मामलेदाराचा शब्द वेगळा, कोपऱ्यावरच्या पानवाल्याचा वेगळा. (खरी माहिती पानवाल्याकडे असते, पण ते जाऊ द्या.) त्याआधीची यंत्रं मुख्यतः मुलाच्या बायोडाट्यावर विसंबायची. लाडू हा शब्द जास्त वेळा लिहील तो मोठा लाडूवाला.

चौकशी शेजाऱ्यांकडे होते हे एकदा कळलं की शेजाऱ्यांना चहापाणी सुरू होतं. बोट दाखवण्याचे पैसे ठरले. जेसी पेनी हे अमेरिकेतलं जुनं, मोठं दुकान. २०१० च्या सुट्ट्यांच्या हंगामात कपडे, चादरी, गालिचे, काहीही शोधा, हे दुकान वर. न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी २०११ मध्ये खोदून काढलं की ज्यांचा कपड्यांशी काडीचा संबंध नाही, अशा हजारो पानांवरून दुकानाकडे बोटं दाखवली जात होती. बातमी आली, गूगलने कान पिळला आणि दुकान काही दिवसांत कितीतरी पानं खाली गेलं. आम्हाला यातलं काही माहीत नाही, असं दुकानाने सांगितलं आणि आपल्या एसइओ कंपनीला काढून टाकलं.

आमच्या एसइओवाल्यानेही चहापाणी केलं होतं. वहिनींच्या अनारशांची शिफारस कझाकस्तानातलं टायरचं दुकान, ब्राझीलमधला दातांचा दवाखाना आणि एक ऑनलाइन रमी, असे तिघे करत होते. दवाखान्याचं मी समजू शकतो. आमच्याकडची कमी मोहनाची चकली त्यांना गिऱ्हाईक देऊ शकते.

असल्या उद्योगांवर गूगलने जनावरं सोडली. २०११ मध्ये पांडा आला. अस्वलासारखं ते गोंडस जनावर मनात येतं, पण नाव पडलं ते नवनीत पांडा या अभियंत्याच्या आडनावावरून. त्याने फुटकळ, पोकळ मजकुराच्या वेबसाइटी झोपवल्या. २०१२ च्या एप्रिलमध्ये पेंग्विन आला, त्याने विकतची बोटं मोडली. २०१३ मध्ये हमिंगबर्ड. एसइओवाले या जनावरांविषयी ज्या दबक्या आवाजात बोलतात, त्या आवाजात आमच्या आजोळी बिबट्याविषयी बोलायचे. रात्री कधी येईल, कुणाचं वासरू नेईल, सांगता येत नाही. आणि प्रत्येक जनावराच्या वेळी गूगल एकच सांगतं: यंत्रासाठी लिहू नका, माणसांसाठी लिहा. त्यावर लगेच 'माणसांसाठी लिहिल्यासारखं यंत्राला वाटावं म्हणून काय करावे' यावर नऊशे रुपयांत वर्ग सुरू होतात. २०२४ च्या मे महिन्यात गूगलच्या आतल्या कागदपत्रांची एक थप्पी बाहेर फुटली. यंत्र ज्यांची नोंद ठेवू शकतं असे १४,००० हून जास्त मुद्दे त्यात होते. पेपर फुटला तरी मुलं नापास झाली. त्यातला कुठला मुद्दा किती गुणांचा, हे त्यात नव्हतंच.

वहिनींचं खरं दुखणं मात्र यातलं एकही नव्हतं. गूगलच्या नकाशावरची त्यांची खूण पश्चिमेला पडली होती. डोंबिवलीबाहेरच्या वाचकाला यातलं गांभीर्य कळणार नाही. पूर्व आणि पश्चिम यांच्यामध्ये रेल्वेचे रूळ आहेत, आणि पूर्वेचा माणूस पश्चिमेला लग्नकार्याशिवाय जात नाही. 'माझ्या जवळचा फराळ' असं कुणी शोधलं की यंत्र सरळ रेषेतलं अंतर मोजतं. त्याच्या हिशेबी पश्चिमेचं दुकान चारशे मीटरवर. पण ते चारशे मीटर म्हणजे जिने, पूल, सहा अडतीसच्या लोकलमधून उतरलेली गर्दी आणि पुन्हा जिने. गिऱ्हाइकं पश्चिमेच्या एका झेरॉक्सच्या दुकानासमोर उभी राहून फोन करायची. तो झेरॉक्सवाला इतका वैतागला की त्यानेच शेवटी 'फराळ पूर्वेला' अशी पाटी लावली. ही त्या वेबसाइटची सर्वांत प्रामाणिक शिफारस, पण कागदावर असल्यामुळे यंत्राने धरली नाही.

ती खूण हलवायला पैसे पडत नाहीत. खूण योग्य जागी, वेळा खऱ्या, फोन चालू, फोटो स्वतःच्या चकलीचे, पान पटकन उघडणारं आणि मजकूर युनिकोडमध्ये. एवढ्यावर छोट्या धंद्याचं बहुतेक काम होतं, आणि ते एका दुपारी घरी बसून होतं. पण दुपारभराच्या कामाचं वर्षभराचं बिल लावता येत नाही, म्हणून एसइओवाल्याने त्याकडे पाहिलं नव्हतं. त्याऐवजी त्याने सुचवलं, धंद्याचं नावच 'फराळ निअर मी' ठेवा. हसू नका. मॅनहॅटनमध्ये 'थाई फूड निअर मी' नावाचं हॉटेल खरोखर निघालं. नावाचं भांडवल नवं नाही. अमेरिकेत पिवळ्या पानांच्या टेलिफोन डिरेक्टरीत वर येण्यासाठी दुकानदार नावापुढे तीन-तीन 'ए' लावत, आणि आपल्याकडे 'मूळ', 'अस्सल', 'जुने' आणि 'आमची दुसरी शाखा नाही' यांच्यावर कितीतरी पेढेवाले जगले. वहिनी म्हणाल्या, "माझं नाव माझ्या सासूबाईंनी ठेवलंय. ते बदलायचं तर त्यांना विचार." सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली.

राहिले अभिप्राय. पाच तारे जमवायची मोहीम घरच्या व्हॉट्सॲप गटावर निघाली. भाचीने न्यू जर्सीहून लिहिलं, 'आईच्या हाताची आठवण आली'. तिची आई त्याच गटात आहे. तिने तो अभिप्राय वाचून तीन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. एका मामांनी 'प्रयत्न स्तुत्य' असं लिहून चार तारे दिले, कारण पाच ते कुणालाच देत नाहीत. परक्या माणसाचा एकच आला: 'चकली अप्रतिम. लिफ्ट बंद होती. एक तारा.' सोसायटीच्या पुढच्या सभेत लिफ्टचा विषय वहिनींनी ज्या आवेशाने मांडला, तो पाहून सेक्रेटरींनी आठवड्यात मेकॅनिक आणला. आजवर एसइओमुळे डोंबिवलीत झालेलं ठोस काम ते एवढंच.

आता तर वर चढून करायचं काय, हाही प्रश्न आहे. २०२४ पासून गूगल आपल्याकडेही सगळ्यांच्या डोक्यावर स्वतःच एक तयार उत्तर लिहू लागलंय. खालच्या पानांतलं वेचून यंत्र सांगतं, वाचणारा वाचतो आणि निघून जातो. पहिला क्रमांक वाट बघत बसतो. या उत्तराने अमेरिकेत सुरुवातीलाच पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घालायचा सल्ला दिला होता. कुणीतरी पूर्वी गंमत म्हणून लिहिलेलं यंत्राने मनावर घेतलं. मी परवा त्याला चकलीचं विचारलं, तर मोहनाचं दोन ओळींत सांगितलं. बरोबर सांगितलं. 'मित्रांनो' नाही, फायदे नाहीत. दीड हजार शब्दांतून त्याने नववा परिच्छेद तेवढा उचलला. वहिनींना दाखवलं. म्हणाल्या, "भाऊजी, हेच मी आधी लिहून दिलं होतं."

एसइओवाल्याचं कंत्राट त्यांनी वाढवलं नाही. चकलीचं एक पाकीट मात्र दिलं. आता तो 'यंत्राच्या उत्तरात तुमचे नाव आणून देतो' अशी हमी देतो, असं ऐकतो.

पहिल्या क्रमांकाची खरी हमी हवीच असेल, तर तिचा बाजारभाव उपलब्ध आहे. पेज आणि ब्रिन यांनी १९९८ च्या आपल्या निबंधात लिहून ठेवलं होतं की जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र मुळातच जाहिरातदारांकडे झुकलेलं असणार. पुढे त्यांनी काय केलं ते 'प्रायोजित' असं लिहिलेल्या वरच्या ओळींत दिसतं. आणि अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात २०२३ मध्ये एक आकडा उघड झाला. फोन आणि ब्राउझर उघडला की शोधायला आपणच समोर असावं म्हणून गूगलने ॲपल वगैरे कंपन्यांना २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले. म्हणजे पहिल्या जागेसाठी ते स्वतःही मजकूर सुधारत बसलं नाही, रोख पैसे देऊन मोकळं झालं.

वहिनींची तेवढी ऐपत नाही. खूण आता पूर्वेला आहे, लिफ्ट चालू आहे. परदेशी पाठवायचं असेल त्यांनी घटस्थापनेपर्यंत कळवावं, आणि अनारसे हवे असतील त्यांनी कोजागिरीच्या आत. पीठ मुरायला आठवडा लागतो.